बोर्डीच्या अंगणातलं संशोधन

बालवाडीच्या शिक्षिकांना संशोधन शिकवायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. 'संशोधन' हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्गातले चेहरे उतरतात. आता प्रश्नावल्या येणार, टक्केवारी येणार, जाडजूड पुस्तकांचे सारांश पाठ करावे लागणार, असं त्यांना वाटतं. यातल्या बहुतेक जणी बारावी होऊन, लग्न होऊन, स्वतःची मुलं शाळेला लागल्यावर या कामात आलेल्या असतात. रडणारं मूल कसं शांत करायचं, न जेवणाऱ्याला कसं भरवायचं, हे त्यांना माझ्याइतकंच येतं, काहींना माझ्याहून जास्त. म्हणून पहिला आठवडा मी त्यांना एकच काम देते. कोपऱ्यात बसा, एकच मूल निवडा, वीस मिनिटं त्याच्याकडे बघा आणि ते जे करतं, जे बोलतं ते लिहा. हाक मारू नका, शिकवू नका, मदतीला धावू नका.

हे फार अवघड जातं. मध्यंतरी एका वहीत पहिलंच वाक्य होतं: मुलगा हट्टी आहे, ठोकळे कुणाला देत नाही. मी त्या बाईंच्या शेजारी बसले आणि विचारलं, "तुम्हाला दिसलं काय, तेवढंच सांगा." मग एकेक निघत गेलं. मुलाने ठोकळे ओळीने मांडले होते, मोठ्यापासून लहानापर्यंत. एका मुलीने मधलाच उचलला. त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला, बाजूला पडलेला दुसरा एक तिला दिला आणि पहिला परत त्याच्या जागी नेऊन ठेवला. म्हणजे त्याने ठोकळा दिला होता. त्याला ओळ मोडू द्यायची नव्हती, एवढंच. वहीतला 'हट्टी' खोडला गेला आणि त्या जागी साडेतीन वर्षांच्या एका मुलाला उतरता क्रम कळतो, ही नोंद आली. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, मी हे रोज बघत होते."

बघून, लिहून आणि मग त्यावर विचार करून मुलांबद्दल काही शोधून काढायचं, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. तिला चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे. पण आपण तो चुकीच्या खात्यावर मांडून ठेवला आहे, आणि त्याची किंमत या बायका मोजत आहेत असं मला वाटतं. ते सांगण्याआधी केंब्रिजमधल्या एका सशाची गोष्ट सांगते, कारण वर्गातही मी तिथूनच सुरुवात करते.

1924 च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात केंब्रिजला माल्टिंग हाऊस नावाची छोटी शाळा सुरू झाली. सुरुवातीला अवघी दहा मुलं, पाच वर्षांच्या आतली. शाळा चालवणाऱ्या सुझन आयझॅक्स मानसशास्त्र शिकलेल्या होत्या. मुलांना शक्य तितकं मोकळं सोडायचं आणि ती जे करतील, बोलतील ते तिथल्या तिथे टिपून ठेवायचं, असा त्यांचा रिवाज. एके दिवशी पाळलेला ससा मेला. पोट वरखाली होत नाही म्हणजे तो मेला, हे एका मुलाने पाहूनच सांगितलं. दुसरा म्हणाला, माझे बाबा सांगतात की त्याला पाण्यात ठेवलं तर तो जिवंत होईल. आपल्यापैकी कुणीही इथे काय केलं असतं? नाही रे बाळा, मेलेलं परत जिवंत होत नसतं, असं सांगून मोकळे झालो असतो. आयझॅक्स म्हणाल्या, ठेवून बघू या. टबातल्या पाण्यात ससा गोल गोल फिरू लागला आणि काही मुलांना वाटलं, हलतोय म्हणजे जिवंत आहे. तेव्हा बाईंनी एक बारीक काठी आणून त्याच पाण्यात सोडली. तीही गोल फिरली. काठी जिवंत आहे का? नाही, हे सगळ्यांना मान्य झालं. मग मुलांनीच ससा पुरायचं ठरवलं, खड्डा खणला आणि त्याला पुरलं.

दुसऱ्या दिवशी दोन मुलं म्हणू लागली की ससा आता तिथे नाही, तो आकाशात गेला. त्यांनी उकरायला सुरुवात केली, दमली, सोडून दिलं. पुन्हा आली आणि पुन्हा कंटाळली. तेव्हा बाई म्हणाल्या, आहे का नाही ते पाहायचं का? आणि त्यांनी स्वतः खणलं. ससा होता तिथेच होता, आणि मुलं तो अगदी निरखून पाहत राहिली.

त्या काठीपाशी मी वर्गात थांबते. तुलना म्हणजे काय, हे ज्या बाईला आकडेशास्त्राच्या पुस्तकातून कळलेलं नसतं तिला त्या काठीवरून पटकन कळतं. हलणं हे जिवंतपणाचं लक्षण आहे, असं मुलांनी धरलं होतं. ते खरं की खोटं हे पाहायला, जी वस्तू नक्की जिवंत नाही ती त्याच पाण्यात सोडायची. संशोधनाच्या मोठमोठ्या ग्रंथांत जे नियंत्रित तुलनेचं प्रकरण असतं, त्याचा गाभा एवढाच.

पुढे 1930 मध्ये आयझॅक्सबाईंनी या नोंदींचं पुस्तक काढलं. त्यात एक सायकलचीही गोष्ट आहे. यंत्र कसं चालतं हे मुलांना आठ-नऊ वर्षांच्या आधी सांगता येत नाही, असं त्या काळी बालमानसशास्त्रज्ञ प्याजेंचं म्हणणं होतं. पण त्यांच्या शाळेतल्या पावणेसहा वर्षांच्या मुलाने तीनचाकीवर बसल्या बसल्या, पायांनी पॅडल ढकललं की पुढे साखळीपासून चाकापर्यंत काय काय फिरतं, हे क्रमाने सांगून दाखवलं. एका मुलाच्या एका नोंदीने सिद्धान्त कोसळत नाही. पण 'कधीच नाही' म्हणणाऱ्याला पुन्हा विचार करावा लागतो. शाळा मात्र टिकली नाही. पैसे पुरवणाऱ्या जॉफ्री पाइक यांचं बाजारात दिवाळं वाजलं आणि 1929 मध्ये ती बंद पडली. उरल्या त्या वह्या.

आता आपल्याकडे येऊ. गिजुभाई बधेका हे सौराष्ट्रातले वकील. मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवावं, या प्रश्नाने त्यांना पछाडलं आणि मॉंटेसरींचं लेखन हाती लागलं. मारिया मॉंटेसरी या मुळात डॉक्टर. 1907 मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडलं. लाकडी दट्ट्यांच्या खेळात गुंगलेली तीन वर्षांची एक मुलगी त्यांनी पाहिली. आजूबाजूला मुलं गाऊ लागली, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तरी ती दट्टे काढत-घालत राहिली. चाळीसच्या वर वेळा तिने ते केलं, आणि डॉक्टरबाई बसून मोजत होत्या. लहान मुलाचं मन एका जागी ठरत नाही, ही सर्वांची समजूत त्या मोजण्याने हलली.

गिजुभाई वकिली सोडून 1916 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. त्यांचं 'दिवास्वप्न' हे पुस्तक आजही डी.एड.च्या वाचनात असतं. वाचणारे त्याला गोष्ट म्हणून वाचतात. पण नीट पाहिलं तर ते एका प्रयोगाचं टिपण आहे. एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मोठ्या तयारीने शांततेचा खेळ घेतो आणि मुलं त्याचा पुरता बोजवारा उडवतात. तो वर्ग सोडून देतो, घरी जाऊन विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. पुस्तक काल्पनिक आहे, तरी ती फसलेली योजना गिजुभाईंनी गाळली नाही. मी माझ्या विद्यार्थिनींना सांगते, तुमच्या वहीतलं फसलेलं पानही असंच राहू द्या. फाडू नका.

1923 मध्ये ताराबाई मोडक भावनगरला आल्या. मुंबईत प्रार्थना समाजाच्या घरात वाढलेल्या, 1914 च्या बी.ए., राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाचा अनुभव गाठीशी. गिजुभाई आणि ताराबाईंनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, 'शिक्षणपत्रिका' चालवली. 1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. दादरची पांढरपेशी वस्ती, वेळेवर येणारी मुलं, विचारपूस करणारे पालक. तिथे सगळं ठीक चालू होतं. पण ताराबाईंना प्रश्न पडला की हे सगळं खेड्यात, पैशाशिवाय, गरिबाच्या मुलासाठी होईल का? हाच प्रश्न गांधीजींनी 1931 मध्ये लंडनला मॉंटेसरींच्या समोरच मांडला होता: हे शिक्षण फक्त ऐपतवाल्यांच्या मुलांपुरतं न राहता गरिबांच्या मुलांपर्यंत जावं. (मॉंटेसरी स्वतः 1939 मध्ये मद्रासला आल्या. दुसऱ्या महायुद्धात इटली उतरली तसे इटलीचे नागरिक शत्रूपक्षाचे ठरले आणि त्यांचा मुलगा मारिओ काही काळ आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध होता. मॉंटेसरीची शाळा म्हणजे वातानुकूलित वर्ग आणि भारी फी, असं समजणाऱ्यांनी हा काळ वाचावा.)

1945 च्या डिसेंबरात ताराबाई बोर्डीला गेल्या. डहाणू तालुक्यातलं, समुद्राकाठचं, चिकूच्या वाड्यांचं गाव. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. त्याच वर्षी त्या टापूत वारली आदिवासींचा वेठबिगारीविरुद्धचा उठाव पेटलेला होता, गोदावरी आणि शामराव परुळेकर हे कम्युनिस्ट कार्यकर्ते त्यात होते. म्हणजे ज्यांच्या मुलांसाठी शाळा काढायची ती माणसं लग्नाच्या कर्जापायी सावकाराच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या राबणारी. ताराबाईंच्या सोबत होत्या अनुताई वाघ, वय पस्तीस. बालपणी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण, मग पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका. बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली आणि ताराबाई जाईपर्यंत, म्हणजे 1973 पर्यंत, ती सुटली नाही.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातली मुलं येईनात. हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. शाळा काढणारी माणसं अशा वेळी साधारणपणे एकच निष्कर्ष काढतात: यांना शिक्षणाची किंमत नाही. आजही काढतात, मी बैठकांमध्ये ऐकते. ताराबाईंनी तो निष्कर्ष पुढे ढकलला आणि मुलं जिथे होती तिथे माणसं पाठवली. वाड्यातल्या अंगणातच शाळा भरू लागली. साबण, तेल, फणी घेऊन जायचं, मुलांना धुवायचं-पुसायचं, गाणी-गोष्टी, मग खेळ. साधनं म्हणजे शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या. मॉंटेसरीच्या संचातले दट्टे परवडणारे नव्हते, हे खरंच. पण त्यामागे मला एक शास्त्रीय प्रश्नही दिसतो. मुलाला गरज कशाची आहे, त्या लाकडाची का लहानमोठ्या क्रमाची? क्रमाची असेल तर समुद्रकाठी लहानमोठ्या शिंपल्यांना तोटा नाही. या शाळेला अंगणवाडी हे नाव पडलं ते तिथे.

पन्नाशीच्या दशकात काम जवळच्याच कोसबादच्या टेकडीवर हललं, थेट वारल्यांच्या पाड्यांमध्ये. तिथे परक्या माणसाला पाहिलं की मुलं रानात पळत. येऊ लागली तीही अर्धीमुर्धी. सहा-सात वर्षांची मुलगी दाराशी उभी राहायची, आत यायची नाही. का? तिच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. आई गवत कापायला किंवा वाडीवर गेलेली. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकट्याला पाळणाघरात द्यायचं आणि थोरलीने वर्गात बसायचं. या एकत्र व्यवस्थेला विकासवाडी म्हणाले. मुलगे गुरांमागे जात, म्हणून गुरं चरतात तिथे कुरणशाळा. दिवसभर कामाला जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा.

हे सगळं सांगून झालं की मी वर्गाला विचारते, यात संशोधन कुठे आहे? बऱ्याच जणी गप्प राहतात. मग आम्ही फळ्यावर मांडतो. प्रश्न: मुलगी का येत नाही? पहिली समजूत: घरच्यांना नको आहे. पाहणी: ती दारापर्यंत येते, म्हणजे तिला आणि बहुधा घरच्यांनाही चालतं. मग आड काय येतं? कडेवरचं बाळ. त्यावर उपाय योजला, आणि मुलगी आत आली का, हे पाहिलं. केंब्रिजच्या टबात काठी सोडणं आणि कोसबादला पाळणा बांधणं, मला ही एकाच जातीची कामं वाटतात. चुकीची समजूत कशाने खोटी पडेल ते शोधायचं आणि तसं करून बघायचं.

अर्थात बोर्डी-कोसबादचं काम म्हणजे सर्व काही, असं मी म्हणणार नाही. 1962 मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी डेव्हिड वायकार्ट यांनी पेरी प्रीस्कूल प्रकल्प सुरू केला. गरीब काळ्या कुटुंबांतली 123 मुलं, त्यातल्या 58 जणांना बालवाडी मिळाली, 65 जणांना मिळाली नाही, आणि पुढे ती चाळिशीला येईपर्यंत त्यांची चौकशी होत राहिली. कोण किती शिकलं, कोणाला नोकरी लागली, कोण तुरुंगात गेलं. बालवाडीवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही, हे जगभरच्या सरकारांना पटलं ते मुख्यतः अशा अभ्यासांमुळे. तसं तुलनेचं गणित कोसबादला नव्हतं आणि असतं तर आज आपल्या हातात मोठं हत्यार असतं. पण इप्सिलांटीचा प्रश्न बालवाडीचा फायदा किती, हा होता. कोसबादचा प्रश्न त्याच्या आधीचा होता: मूल दारातून आत कसं येईल?

त्याच 1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. आपण त्यांच्यावर आणि अनुताईंवर धडे लिहिले, जयंत्या केल्या, त्यागाचे गोडवे गायले. दोघींचा त्याग मोठाच होता. पण सेवा म्हणून गौरव झाला आणि पद्धत बाजूला राहिली. सेवेपुढे माणूस हात जोडतो. पद्धत असेल तर ती शिकतो, दुसऱ्या गावी करून बघतो, तिथे चुकली तर दुरुस्त करतो. अनुताईंचं आत्मकथन 'कोसबादच्या टेकडीवरून' माझ्या वर्गातल्या बायका डोळे पुसत वाचतात. मी त्यांना ते दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचायला लावते: जिथे बाईंना आपला बेत बदलावा लागला ती प्रत्येक जागा अधोरेखित करा आणि समासात लिहा, काय दिसलं म्हणून बदलला? दुसऱ्या वाचनात डोळे कोरडे असतात आणि चर्चा तास संपला तरी चालते.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळालं. बोर्डीतलं नाव देशभर गेलं. बालकांचा आहार, लसी, वजनं, गरोदर बायांची तपासणी, हे सगळं एका छपराखाली आलं आणि त्याने किती मुलं वाचली असतील याची मला जाणीव आहे. कुपोषणग्रस्त मेळघाटात काम केलेल्या कुणालाही विचारा, वजनाच्या नोंदीचं मोल काय ते. पण सेविकेच्या वेळेचा मोठा वाटा रजिस्टरांनी खाल्ला. आता त्या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप मोबाइलवर आहे. उंची, वजन, हजेरी, घरी नेलेला आहार. मुलाने आज ठोकळ्यांची ओळ का मोडू दिली नाही, हे भरायला त्यात रकाना नाही. वरून येणाऱ्या पाहणी-पथकांनाही तिच्याकडून आकडेच हवे असतात. तिला काय दिसलं हे विचारायला कुणी बसत नाही. संशोधन करणारे वेगळे आणि माहिती भरून देणारी ती वेगळी, अशी वाटणी पक्की होऊन बसली आहे. मला ही वाटणी मान्य नाही. मुलासोबत रोज चार तास असणाऱ्या बाईच्या डोळ्यांइतकं चांगलं साधन कुठल्याही विद्यापीठाकडे नाही, आणि ते आपण नुसतं रकाने भरायला लावून वाया घालवतो आहोत.

म्हणून मी प्रत्येकीला एक वेगळी, बिनरकान्यांची वही ठेवायला सांगते आणि वर्षाला एकच प्रश्न घ्यायला सांगते, तोही स्वतःच्याच अंगणवाडीतला. सध्या पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरची सेविका दिवाळीनंतर मुलं का कमी होतात, हा प्रश्न घेऊन बसली आहे. उत्तर सगळ्यांना पाठ आहे: आईबाप वीटभट्टीला जातात, मुलांना घेऊन जातात. तिने घरोघरची यादी केली तेव्हा दिसलं की गैरहजर मुलांतली सगळीच भट्टीवर गेलेली नाहीत. काही आजीपाशी मागे ठेवलेली आहेत, अंगणवाडीपासून हाकेच्या अंतरावर, तरी येत नाहीत. तिने एकेका घरी बसून विचारलं, आधी याला रोज कोण आणून सोडायचं? थोरली बहीण. ती कुठे आहे? भट्टीवर, तान्ह्याला सांभाळायला नेली. आजीला गुडघ्यांमुळे चढ चढवत नाही.

वही वाचताना मला कोसबादच्या दारातली ती मुलगी आठवली, पण मी काही बोलले नाही. तिला स्वतःला ते नातं दिसलं तर जास्त बरं. तिने ठरवलं आहे की तिसरी-चौथीतली जी मुलं शाळेला त्याच वाटेने येतात, त्यांनी या लहानग्यांना सोबत आणावं, आणि त्यासाठी अंगणवाडीची वेळ अर्धा तास अलीकडे घ्यावी. शाळेच्या गुरुजींशी तिचं बोलणं झालं आहे, पर्यवेक्षिका मॅडमची परवानगी अजून यायची आहे. मी तिला एवढंच सुचवलं की बदल करण्याआधीची हजेरी, नावानिशी, आत्तापासून लिहायला लाग. ती म्हणाली, "ताई, ती मी दिवाळीपासूनच लिहिते आहे. काठी कुठे सोडायची ते आधी ठरवायला नको का?"